येणारे हात, जाणारे हात

दसरा झाला की भूम, परंडा, वाशी, कळंब या तालुक्यांतल्या अनेक वस्त्या रिकाम्या होऊ लागतात. ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्यांत भांडीकुंडी, ज्वारीची पोती, पत्र्याची पेटी, एखाददुसरी शेळी आणि त्या सगळ्यावर बसलेली माणसे असा लवाजमा सांगली, कोल्हापूर, सातारा, पुण्याकडे निघतो. काही टोळ्या त्याही पलीकडे बेळगाव भागात जातात. यात आता नवे काही राहिलेले नाही. नवल वाटावे अशी गोष्ट वेगळीच आहे. त्याच पंधरवड्यात धाराशिव जिल्ह्यातल्या कारखान्यांच्या आसपास बीड, जालना, परभणीकडून आलेल्या टोळ्यांच्या कोप्या उभ्या राहतात. आपल्या जिल्ह्याचा कोयता दोन-तीनशे किलोमीटरवर जाऊन दुसऱ्याचा ऊस तोडतो आणि आपल्या जिल्ह्यातला ऊस तोडायला दुसऱ्या जिल्ह्याचा कोयता येतो.

चहाच्या हॉटेलात बसलेला गावातला मजूर यावर काय म्हणतो, हे मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे. 'बाहेरच्यांनी आमचं काम खाल्लं बघा, सर.' शहरात हेच वाक्य गवंडी म्हणतो, रंगारी म्हणतो, फरशी बसवणारा म्हणतो. त्यांचा 'बाहेरचा' उत्तर प्रदेशाचा, बिहारचा किंवा राजस्थानचा असतो. सोयाबीन काढणीच्या दिवसांत रोजाने जाणाऱ्या बायका म्हणतात, तेव्हा 'बाहेरचे' म्हणजे परजिल्ह्यातून येऊन गुत्त्याने रान घेणारी टोळी असते. आणि आपली माणसे जिथे कोयता घेऊन जातात, त्या गावातही कुणीतरी आपल्या माणसांकडे बोट दाखवून नेमके हेच म्हणत असते.

स्थलांतर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर अमेरिकेचा व्हिसा किंवा लंडनचे विमानतळ येते. गरीब देशातून श्रीमंत देशात जाणे, हीच आपली कल्पना. पण संयुक्त राष्ट्रांच्या २०१३ सालच्या मोजणीत एका विकसनशील देशातून दुसऱ्या विकसनशील देशात गेलेली माणसे ८ कोटी २३ लाख होती आणि विकसनशील देशांतून श्रीमंत देशांत गेलेली ८ कोटी १९ लाख. म्हणजे गरिबाने गरिबाच्याच दारी जावे, हेही जगात तितकेच चालते. बुर्किना फासोचा मजूर आयव्हरी कोस्टच्या कोकोच्या बागांत जातो, निकाराग्वाचा कोस्टारिकाच्या कॉफीच्या मळ्यांत, म्यानमारचा थायलंडमध्ये, नेपाळचा भारतात. ज्या देशात तो जातो, तिथेही बेकार आहेत, अर्धपोटी आहेत, बेकारभत्ता मात्र बहुधा नाही. म्हणून प्रश्न टोकदार होतो. एका गरिबाच्या अंगणात दुसरा गरीब कामाला आला, तर आधीच्या गरिबाचे काय होते?

या प्रश्नाचे उत्तर धाराशिव जिल्ह्याइतके चांगले कुणाला ठाऊक असणार? कारण आपण दोन्ही बाजूंनी हा व्यवहार पाहिलेला आहे.

हाली आणि कलदार

आज धाराशिवहून सोलापूरला जाताना वाटेत कुठलीही सरहद्द लागत नाही. १९४८ सालापर्यंत ती होती. उस्मानाबाद जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि आजचा लातूर जिल्हाही तेव्हा त्यातच मोडत असे. सोलापूर आणि बार्शी मात्र मुंबई इलाख्यात, म्हणजे इंग्रजांच्या राज्यात. मालावर जकात घेणारे करोडगिरीचे नाके होते. राजा वेगळा, दरबाराची भाषा वेगळी, इतकेच काय, रुपयाही वेगळा. इकडे हाली सिक्का, तिकडे कलदार. साधारण सात हाली रुपयांना सहा कलदार असा हिशेब असे. कलदारात पगार घेऊन गावी परतणाऱ्याच्या हातात, मोड करून घेतल्यावर, आपोआप काही आणे जास्त पडत. आखातातल्या नोकरदाराच्या घरी आज दिनाराचा भाव चढल्यावर जो आनंद होतो, तोच हा.

सोलापूरची पहिली कापडगिरणी १८७७ साली सुरू झाली. पुढे नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णू या गिरण्या आल्या. बार्शीतही गिरण्या निघाल्या. १८९७ साली बार्शी लाइट रेल्वे धावू लागली आणि १९११ साली तिचा रूळ लातूरला पोचला. संस्थानातला कापूस त्या गाडीने बाहेर गेला आणि त्याच वाटेने माणसेही पोटासाठी बाहेर पडली. दुष्काळ पडला की ही वाट अधिक वाहती होई.

संस्थानातून सोलापुरात आलेल्यांत एक ठळक समाज पद्मशाली विणकरांचा. हे तेलंगणातले, तेलुगू बोलणारे. शहराचा 'पूर्व भाग' त्यांनी वसवला. त्या वेळी सोलापुरात हातमागावर पोट भरणारे साळी, कोष्टी, मोमीन असे विणकर होतेच. म्हणजे इथे येणारा आणि आधीचा, दोघेही एकाच धंद्यातले. साध्या हिशेबाने पाहिले तर माग तेवढेच, हात दुप्पट, म्हणून मजुरी निम्मी व्हायला हवी होती.

तसे झाले नाही, कारण माग तेवढेच राहिले नाहीत. आलेल्या विणकराबरोबर त्याचे कसब आले, नातेगोते आले, तेलंगणातल्या बाजाराशी असलेली ओळख आली. मजूर म्हणून आलेल्यांपैकी काही जण पुढे कारखानदार झाले. मागांची संख्या वाढली. त्याभोवती सुताची रंगाई, ताणा भरणे, मागाचे सुटे भाग, मालाची ने-आण, सुताचा व्यापार अशी कामे उभी राहिली आणि ती मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणाऱ्या सगळ्यांच्या वाट्याला आली. सोलापुरी चादर आज भौगोलिक मानांकन मिरवते, तिच्या उभ्याआडव्या धाग्यांत या परक्यांचा वाटा मोठा आहे. हातमाग मागे पडले ते यंत्रमागाने. विणणाऱ्याची मातृभाषा कोणती, याचा त्याच्याशी संबंध नव्हता. मोठ्या गिरण्यांना १९९०च्या दशकात टाळी लागली, त्याचीही कारणे जुनी यंत्रे, तोटा आणि बदललेला बाजार अशीच होती.

मात्र या चांगल्या कथेलाही दुसरी बाजू आहे. सोलापुरात काम वाढले, पण बरेचसे काम स्वस्तच राहिले. यंत्रमागाच्या शेडमधला कामगार आणि घरी बसून हजारावर विड्या वळणारी बाई यांच्या मजुरीसाठी सोलापूरला वारंवार भांडावे लागले आहे. येणाऱ्यामुळे काम वाढू शकते, ही गोष्ट खरी. वाढलेल्या कामाला मोल काय मिळेल, हे मात्र येणाऱ्याच्या हातात नसते.

बारडोलीचा धडा

सोलापूरची बाजू मांडणाऱ्याने बारडोलीची बाजूही मांडलीच पाहिजे. दक्षिण गुजरातेतले बारडोली आपल्याला सरदार पटेलांच्या १९२८ सालच्या सत्याग्रहामुळे माहीत. स्वातंत्र्यानंतर तिथे सहकारी साखर कारखानदारी उभी राहिली. हॉलंडचे समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७०च्या दशकात तिथल्या ऊसतोडीचा अभ्यास केला आणि त्यावर १९७८ साली लिहिले. त्यांना दिसलेले चित्र असे. गावोगावी हळपती नावाचा भूमिहीन शेतमजूर समाज होता, हंगामात त्याला कामाची गरज होती. तरीही कारखाने ऊस तोडायला आणीत महाराष्ट्रातल्या खानदेशातून. आपला खानदेशी माणूस, बायको आणि कोयता घेऊन, तिथे 'बाहेरचा' होता. हळपती बांधावर उभा राहून आपल्याच गावातला ऊस दुसऱ्याच्या हातून तुटताना पाहत होता.

असे का? स्थानिक मजूर आळशी, बेभरवशाचा, असे कारखान्याचे आणि बागाईतदारांचे म्हणणे. ब्रेमन यांनी त्यामागचे गणित उलगडून दाखवले. बाहेरून आणलेला मजूर मुकादमाच्या उचलीने बांधलेला असतो. तो हंगाम संपेपर्यंत निघून जाऊ शकत नाही. रात्री दोनला गाडी भरायला उठवले तरी तो उठतो, कारण त्याची झोपडी फडाच्या कडेलाच असते. त्याला तिथे नात्याचे माणूस नाही, मत नाही, पुढारी नाही. भांडण झाले तर जायला घर नाही. हळपतीला यातले सगळे होते. तो संध्याकाळी घरी जात होता, लग्नाला-मर्तिकाला खाडा करत होता, मजुरी वाढवून मागू शकत होता. कारखान्याला त्याच्यात नेमके तेच खटकत होते.

बारडोलीत स्थानिक मजुराचे नुकसान झाले, यात शंका नाही. ते खानदेशी माणसाच्या येण्याने झाले, असे वरवर दिसते. खोलात गेले तर दिसते की, त्याच्या अडलेपणाचा दर ठरवला गेला आणि तो दर हळपतीच्या माथी बसला. हा दर किती काळ दाबून ठेवता येतो, याचा पुरावा अलीकडचा आहे. गुजरात सरकारने ऊसतोडीचा किमान दर टनामागे २३८ रुपयांवरून ४७६ रुपये केला, तो २०२२ सालच्या अखेरीस. एका फटक्यात दुप्पट! जो दर एका आदेशाने दुप्पट होऊ शकतो, तो इतकी वर्षे मागणी-पुरवठ्याच्या नियमाने खाली राहिला होता, असे कोण म्हणेल?

उचल

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहू. धाराशिवमध्ये ऊस आहे, कारखाने आहेत. ढोकीचा तेरणा कारखाना तर मराठवाड्यातल्या जुन्या कारखान्यांपैकी एक. मग भूमचा माणूस आपल्याच जिल्ह्यात ऊस का तोडत नाही?

मी हा प्रश्न मुकादमांना विचारला आहे आणि तोडणी करणाऱ्या जोडप्यांनाही. मुकादमाचे उत्तर सरळ असते. 'गावाजवळचा कोयता टिकत नाही. सणाला पळतो, पोरगं आजारी पडलं की पळतो.' तोडणाऱ्या एका बाईंनी दिलेले उत्तर मला जास्त पटले. त्या म्हणाल्या, 'लांब गेलं की उचल जास्ती मिळती. आन् हितं राहिलं तर घरची कामं, पाव्हणं, उसनवारी… पैसा फिटतच न्हाई.' ही उचल पावसाळ्यात, हात रिकामे असताना घेतलेली असते. लग्न, दवाखाना, घराचे पत्रे, जुनी देणी यांत ती संपते. मग हंगामभर श्रम करून ती फेडायची. कामाआधी कर्ज आणि कर्जासाठी काम.

२०२४ सालच्या जानेवारीत साखर संघ आणि ऊसतोड कामगार संघटना यांच्यात करार झाला. तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मिळाली आणि दर टनाला ३६६ रुपयांच्या घरात गेला. नवरा-बायको मिळून, म्हणजे एक कोयता, दिवसाला साधारण दोन टन तोडतात. म्हणजे दोघांचे मिळून सातशे-साडेसातशे, एकेकाचे साडेतीनशेच्या आसपास. पहाटे चारला उठून तोडणे, मोळ्या बांधणे, डोक्यावरून वाहून गाडी भरणे हे सगळे त्यात आले. मूल कोपीत किंवा बांधावर. गावात राहून कुणी या अटींवर या दराने काम करील का? करणार नाही, आणि करू नये. म्हणून 'स्थानिक माणसाला काम नको असते' हे वाक्य मी अर्धेच मानतो. त्याला काम हवे असते. त्याला हे काम या अटींवर नको असते, आणि त्याच अटी स्वीकारायला दोनशे किलोमीटरवरचा कर्जदार तयार असतो. तो कर्जदार कधी बीडचा असतो, कधी भूमचा.

याच व्यवहाराची मागे राहिलेल्या गावातली बाजूही पाहण्यासारखी आहे. माघ-फाल्गुनात ज्वारी काढणीला येते, तेव्हा गावातले निम्मे कर्ते हात कारखान्यांवर असतात. शेतकरी मजुरासाठी दारोदार फिरतो, मागितलेला रोज देतो, वर गाडीने ने-आण करतो. मागे राहिलेल्या बाया-बापड्यांना हेच चार दिवस भाव देऊन जातात. जाणाऱ्याने जिथे तो जातो तिथला दर पाडला असेल-नसेल, पण जिथून तो जातो तिथला दर तो नक्की चढवतो. आपण 'येणाऱ्यांचा' हिशेब मांडताना 'जाणाऱ्यांचा' हा जमेचा आकडा विसरतो.

साखरेच्या बेटावर

ऊस आणि परका मजूर यांची जोडी जगभर आहे. कॅरिबियन समुद्रात हिस्पानिओला नावाचे एक बेट आहे. त्याच्या पश्चिमेला हैती, पूर्वेला डॉमिनिकन प्रजासत्ताक. दोन्ही विकसनशील, पण हैती फारच गरीब. डॉमिनिकन ऊसमळ्यांत तोडणीला पिढ्यान्‌पिढ्या हैतीचे मजूर येत आले. १९५२ पासून तर दोन सरकारांमध्ये करार करून ते आणले जात. मळ्याच्या कडेला त्यांच्या वस्त्या असतात, त्यांना 'बातेय' म्हणतात. पाणी नाही, शाळा नाही, कागदपत्रे नाहीत. आपली कोपी पाहिलेल्या माणसाला बातेयचे वर्णन करून सांगावे लागत नाही.

तिथे परिणाम काय झाला? ऊसतोड हे 'हैतीवाल्यांचे काम' ठरले. डॉमिनिकन मजूर त्यातून बाजूला झाला आणि तोडणीचा दर तळाशीच राहिला. शहरात राग साचला की तो मळेवाल्यांवर न निघता हैतीवाल्यांवर निघत गेला. १९३७ साली हुकूमशहा त्रुहियोच्या सैन्याने सरहद्दीवर हजारो हैतीयनांची कत्तल केली. २०१३ साली तिथल्या घटना न्यायालयाच्या निकालाने, तिथेच जन्मलेल्या हैतीवंशीयांच्या नागरिकत्वावरच घाव घातला. बाहेरच्याला जितके बेकायदा ठेवावे, तितका तो स्वस्त पडतो. आणि तो जितका स्वस्त, तितका स्थानिक माणूस त्या कामातून बाहेर पडतो, असा हा फेरा आहे.

तुर्कस्तानचा अनुभवही तेच सांगतो. २०११ नंतर सीरियातून लाखो निर्वासित तिथे आले. सुरुवातीची वर्षे त्यांना काम करण्याचा परवानाच नव्हता. जागतिक बँकेच्या अभ्यासकांना आढळले की, निर्वासित बिनपरवाना, कच्च्या नोकऱ्यांत शिरले आणि त्या नोकऱ्यांतले तुर्की मजूर, विशेषतः कमी शिकलेले आणि बायका, बाहेर फेकले गेले. त्याच वेळी कायम स्वरूपाच्या, नोंदणीच्या नोकऱ्या तुर्की माणसांसाठी काही प्रमाणात वाढल्याही. सरकारने परवाने देण्याची सोय २०१६ साली केली. मलेशियात इंडोनेशिया, बांगलादेश, नेपाळहून आलेल्या मजुरांबद्दल अशाच अभ्यासाचा निष्कर्ष असा की, एकूण मलेशियन कामगारांच्या रोजगारात भरच पडली. झळ लागली ती सर्वांत कमी शिकलेल्यांना आणि त्याहून जास्त आधी येऊन बसलेल्या परदेशी मजुरांनाच.

आंतरराष्ट्रीय श्रमसंघटना आणि श्रीमंत देशांची ओईसीडी ही संघटना यांनी मिळून दहा विकसनशील देशांची पाहणी केली. तिचा अहवाल २०१८ साली आला. दक्षिण आफ्रिका, घाना, थायलंड, कोस्टारिका, शेजारचा नेपाळ हे त्यातले काही देश. निष्कर्ष असा की, परदेशातून आलेल्यांमुळे स्थानिकांच्या रोजगारावर आणि मजुरीवर होणारा एकूण परिणाम थोडकाच असतो. पण 'एकूण' आणि 'सरासरी' या शब्दांपाशी मी अर्थशास्त्र शिकवताना नेहमी थांबत असे. नदीची सरासरी खोली कमरेइतकी असली, तरी डोहात माणूस बुडतोच.

आणि जे देश हाकलण्याच्या वाटेने गेले, त्यांना काय मिळाले? नायजेरियात १९७०च्या दशकात तेलाचा पैसा आला, तेव्हा घानाचे मजूर, कारागीर, मास्तर हवेसे होते. तेलाचा भाव उतरला आणि १९८३ सालच्या जानेवारीत सरकारने बिनपरवाना परदेशी लोकांना काही दिवसांत देश सोडायला सांगितले. वीस लाखांच्या आसपास माणसे, बहुतेक घानाची, चौकटीच्या मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत संसार भरून निघाली. त्या पिशवीला तिकडे अजून 'घाना मस्ट गो', म्हणजे 'घानावाल्यांनो, चालते व्हा', असे नाव आहे. तशीच पिशवी आपल्या एस. टी. स्टँडवर रोज दिसते. नायजेरियाची मंदी या हकालपट्टीने हटली नाही. वर्ष संपता संपता लष्कराने तिथली सत्ताच उलथवली. दक्षिण आफ्रिकेत २००८ साली झिम्बाब्वे, मोझांबिककडच्या मजुरांवर जमाव चालून गेले, ६२ माणसे मेली. त्यातली काही खुद्द दक्षिण आफ्रिकेचीच होती. बेकारी जिथल्या तिथे राहिली.

झळ कुणाला?

म्हणजे ज्याला झळ लागते, तो खोटे बोलत नाही. माझ्या ओळखीचा एक गवंडी आहे. तीस वर्षे थापी चालवली. आता त्याला विटांच्या बांधकामापेक्षा डागडुजीचीच कामे जास्त मिळतात. 'ठेकेदार बाहेरची पोरं आणतो. ती साइटवरच झोपतात, रात्री दहापर्यंत काम करतात. मी सहाला घरी जाणार. मला कशाला बोलवील?' त्याची तक्रार बारडोलीच्या हळपतीची आहे, शब्द तेवढे वेगळे. गावातला वायरमन, दुकानदार, खोली भाड्याने देणारा, मेस चालवणारी बाई या सगळ्यांना बाहेरच्या पोरांमुळे चार पैसे मिळतात. गवंड्याचा तोटा एकट्याचा आणि नजरेत भरणारा. बाकीच्यांचा नफा वाटला गेलेला आणि न दिसणारा. म्हणून गावात चर्चा फक्त तोट्याची होते.

काम कसे वाटायचे, हे ठरवता येते याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावे जमीनदोस्त झाली. आपल्याकडे उमरगा-लोहारा भागाला मोठा फटका बसला. पुनर्वसनात दोन पद्धती वापरल्या गेल्या. पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसवली गेली, ती ठेकेदार आणि देणगीदार संस्थांमार्फत. मोठा ठेकेदार आपल्याबरोबर आपली माणसे आणतो, हा बांधकामाचा रिवाजच आहे. मात्र जिथे घरांची दुरुस्ती आणि बळकटीकरण करायचे होते, तिथे पैसे घरमालकाच्या हाती दिले, अभियंत्याचे मार्गदर्शन दिले आणि गवंड्यांना भूकंपात टिकेल असे बांधकाम शिकवले. भूकंप एकच, सरकार एकच. पण ज्याच्या हाती पैसा दिला, त्याच्या ओळखीचा कारागीर कामाला लागतो. दुसऱ्या पद्धतीत गावातल्या गवंड्याला कुणाला हाकलावे लागले नाही.

दर एकच हवा

आपल्या कायद्याने हे मर्म फार पूर्वी ओळखले होते. १९७९ सालच्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात स्पष्ट कलम होते की, परराज्यातून आणलेल्या कामगाराला त्याच कामासाठी स्थानिक कामगारापेक्षा कमी मजुरी देता येणार नाही. हे कलम जितके येणाऱ्याच्या रक्षणासाठी, तितकेच आधीच्याच्याही. स्वस्त पडत नसेल तर मालक दोनशे कोसांवरून माणूस कशाला आणील? आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या १९४९ सालच्या स्थलांतरितांविषयीच्या करारातही समान वागणुकीचे हेच तत्त्व आहे.

पण कायद्याची एक गंमत पाहा. तो राज्याची सरहद्द ओलांडणाऱ्यांसाठी होता. परंड्याचा कोयता बेळगावला गेला तर कायद्यात बसे, कोल्हापूरला गेला तर बसत नसे. दोघांची कोपी सारखी, उचल सारखी, मुकादम कदाचित एकच. आणि बसणाऱ्यांची तरी नोंद कुणी ठेवली? २०२० साली टाळेबंदी झाली, तेव्हा लाखाहून अधिक ऊसतोड मजूर कारखान्यांवर अडकून पडले. कोण कुठला, किती बायका, किती लेकरे याच्या याद्या घाईघाईने करून त्यांना गावी पाठवावे लागले. ज्याचे नाव कुठल्याच वहीत नाही, त्याला किमान दर कोण देणार?

दुसरा उपाय महाराष्ट्राने जगाला शिकवला. १९७२ च्या दुष्काळात, ज्यात आपला जिल्हा होरपळून निघाला, वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना गावोगाव पोचली. तिचा कायदा १९७७ साली झाला आणि १९७९ पासून अमलात आला. २००५ साली केंद्राने त्याच धर्तीवर देशासाठी कायदा केला. त्या दुष्काळात खडी फोडलेल्या पिढीला तिचे मोल ठाऊक आहे. गावात मागेल त्याला काम वेळेवर मिळाले, मजुरी आठवड्याला हातात पडली, तर पावसाळ्यात घेतलेल्या उचलीचा फास सैल होतो. मग जो बाहेर जाईल तो अडला म्हणून जाणार नाही, चार पैसे जास्त मिळतात म्हणून जाईल. असा माणूस कुणाचाच दर पाडत नाही. कागदावर हमी आणि हातात मजुरी यांत महिन्यांचे अंतर पडले, की मुकादमाची जीप दारात उभी राहते.

ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ झाले, कारखान्यांकडून टनामागे वर्गणी घेण्याचे ठरले. चांगलेच झाले. प्रत्येक कोयत्याची, त्यातल्या बाईच्या स्वतंत्र नावासकट, नोंद व्हावी; दर आणि उचल लेखी असावी; आणि स्थानिक असो वा परजिल्ह्यातला, फडावर दर एकच असावा. एवढे झाले तर 'बाहेरच्यांनी काम खाल्लं' या तक्रारीतला मोठा भाग आपोआप निघून जाईल. उरेल तो सोलापुरी विणकरासारखा कसबाचा, खुल्या मैदानातला सामना. त्यात एकाने जिंकले म्हणून दुसरा बुडतोच असे नाही.

हे सगळे ठरवायला वेळही फार नाही. उसाच्या फडात तोडणी यंत्र शिरले आहे. सरकार त्याला अनुदान देते. ते यंत्र बीडचे की भूमचे, हा प्रश्न कुणी विचारणार नाही. ते उचल घेत नाही, सणाला पळत नाही आणि त्याला कोपी लागत नाही. येणारा आणि स्थानिक हे दोघे एकमेकांच्या ताटाकडे पाहत बसले, तर एक दिवस ताटच उचलले जाईल.

म्हणून पुढच्या हंगामात परक्या टोळीची ट्रॉली गावात शिरली, तर 'तुम्ही का आलात' हे त्यांना विचारण्यात अर्थ नाही. ते आपल्याला माहीत आहे. आपलीही माणसे त्याच कारणाने गेली आहेत. विचारायचे ते एवढेच की, 'तुम्हाला कोणत्या दराने आणले, आणि तो दर लिहून दिला आहे का?' या प्रश्नाच्या उत्तरात दोघांच्याही चुलीचा हिशेब आहे.